३० सप्टेंबरचा पट

माझे वडील, अण्णा, गावच्या शाळेत मास्तर. हजेरीपट ते दोन प्रकारे भरायचे. जूनपासून दिवाळीपर्यंत निळ्या शाईनं, दिवाळीनंतर पेन्सिलीनं. १९८७ साली मी त्यांच्याच शाळेत चौथीला होते आणि नव्या महिन्याच्या पानावर फूटपट्टीनं रेघा आखून द्यायचं काम माझ्याकडं होतं. पेन्सिल का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, ‘‘खोडता आलं पाहिजे.’’

आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यात. खाली मुरूम, वर कुसळं आणि मधल्या बोटभर मातीत बाजरी. दसरा झाला की गावात ऊसतोडीचा मुकादम यायचा, उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे वाटायचा, आणि दिवाळीच्या पणत्या विझायच्या आत ट्रक लागायचे. वर्गात दिवाळीआधी एक्केचाळीस पोरं. सुट्टीनंतर शाळा उघडायची तेव्हा सतरा. उरलेली कुणी सांगलीकडं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. आईबापामागं उसाच्या फडात. ती थेट गुढीपाडव्याच्या आगेमागे, साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत यायची. तोवर त्या चोवीस नावांचं करायचं काय, हा अण्णांचा दरवर्षीचा पेच. शाईनं महिनोन् महिने गैरहजर लावावं तर नावं कमी करावी लागतात. नावं कमी केली तर पट घसरतो, आणि पट घसरला तर दोनातला एक शिक्षक जातो. म्हणून पेन्सिल. तपासणीला विस्तार अधिकारी कोणत्या महिन्यात येतात त्यावर पुढचं सगळं ठरायचं. माझे वडील प्रामाणिक होते असं मी कुणालाही सांगेन, पण त्या पेन्सिलीसकट.

यातली खरी मेख मला पुष्कळ वर्षांनी कळली. शाळेला शिक्षक किती द्यायचे ते पटावरून ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात, आणि ती होते ३० सप्टेंबरच्या पटावर. ही तारीख कुणी मुद्दाम आमच्यावर उलटवण्यासाठी धरलेली नाही. जूनचे प्रवेश स्थिर व्हायला तेवढा अवधी लागतो, एवढंच. पण सप्टेंबर हा आमच्याकडं वर्षातला सगळ्यात भरलेला महिना. बाजरी निसवलेली, माणसं घरात, पोरं शाळेत. महिनाभरानं निम्मं गाव कुलूपबंद. सरकारदरबारी मात्र आमचं गाव बारा महिने सप्टेंबरातच असतं.

मराठवाड्याचं आणि सप्टेंबरचं एरवीही काहीतरी आहे. १९४८ च्या १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य गेलं. आमचा झेंडा देशापेक्षा तेरा महिन्यांनी वर गेला, हे अण्णा दरवर्षी त्या दिवशीच्या भाषणात सांगायचे. विदर्भ-मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, तंत्रशिक्षणात जागा, नोकऱ्यांत वाटा देऊ असं सांगणारा नागपूर करार १९५३ चा, त्याची तारीख २८ सप्टेंबर. नांदेडचं विद्यापीठ १९९४ चं, १७ सप्टेंबर. किल्लारीचा भूकंपसुद्धा ३० सप्टेंबरचा. २०२३ मध्ये मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव म्हणून मंत्रिमंडळाची बैठक संभाजीनगरला भरली आणि ४५ हजार कोटींच्या वरचं पॅकेज जाहीर झालं, ती १६ सप्टेंबरची गोष्ट. त्याआधी २०१६ च्या बैठकीत ४९ हजार कोटींच्या घरातलं जाहीर झालं होतं. ते तेवढं ऑक्टोबरात. मुंबईहून लोक येतात ते आम्ही घरी असताना, असं मी थट्टेनं म्हणते.

वर्गात माझ्या शेजारी बसायची तिचं नाव इथं लिहीत नाही. पाढ्यात ती माझ्यापुढं होती. पाव, निम, पाऊण, सव्वाही तिला यायचे, आजोबांकडून ऐकून. चौथीच्या दिवाळीनंतर तिला फडावर नेलं, कोपीवर म्हणजे तिथल्या झोपडीत धाकट्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला. पाडव्याला परत आली तेव्हा मी अपूर्णांकात होते आणि ती वजाबाकीत हातचा विसरलेली. पुढं दोन वर्षं असंच. सातवी तिनं पाहिलीच नाही. लग्न झालं आणि तिचा स्वतंत्र कोयता झाला. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. म्हणजे लग्नाच्या वयाची पोर घरात ठेवणं म्हणजे अर्धा कोयता बिनकामाचा ठेवणं, हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ. पोरींची लग्नं लवकर का होतात यावर शहरात परिसंवाद होतात. आमच्याकडं ते मुकादमाच्या वहीत लिहिलेलं असतं.

ती चार वर्षांपूर्वी भेटली, जत्रेत. मनगटापासून कोपरापर्यंत पाचटानं कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा, एकावर एक. आखीव वहीच्या पानासारख्या, असं मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

‘‘तू पुण्यात काय करतीस गं?’’

‘‘कंपनीत आहे. कंपनीला लागतो तो माल विकत घ्यायचं काम.’’

‘‘म्हंजी कापायचं न्हाई ना,’’ ती म्हणाली आणि दोघी हसलो.

चाकणच्या एका कंपनीत पर्चेस विभागात मी एकवीस वर्षं आहे. आमच्याकडं कारखाने का येत नाहीत या प्रश्नाचं निदान एक टोक मला तिथल्या टेबलावरून दिसतं. माझ्या व्हेंडर यादीत भोसरी, चिंचवड, नाशिक, कोल्हापूर आहे, संभाजीनगरजवळचं वाळूज आहे. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव यांतलं एकही नाव नाही. हा भेदभाव मीच करते, रोज, पगार घेऊन. सकाळी फोन केला की दुपारपर्यंत गाडी गेटवर लागली पाहिजे. ब्रॅकेट चुकलं तर संध्याकाळी बदलून मिळालं पाहिजे. छोटे कारखाने मोठ्या कारखान्याच्या सावलीला वाढतात. वाळूज उभं राहिलं कारण १९८५ मध्ये बजाज तिथं आली आणि मागोमाग तिचे पुरवठादार आले. आता त्याच जिल्ह्यात शेंद्रा-बिडकीनला दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधून रस्ते, पाणी, वीज घालून जमीन तयार केली, तर तिथंही कंपन्या येऊ लागल्या. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. फक्त ते एकाच जिल्ह्यात झालं, आणि आकडेवारीत त्याचं नाव मराठवाडा असं लागलं. जालन्याचं लोखंड आणि बियाणं वेगळं. ते व्यापाऱ्यांच्या हिमतीचं, ‘जालना सोने का पालना’ म्हणतात ते उगाच नाही. बाकी जिल्ह्यांत मात्र काय आहे? हिंगोलीचं नाव तर सरकारच्या उद्योग प्रोत्साहन योजनेत ‘विनाउद्योग जिल्हा’ अशा सदरात गडचिरोलीबरोबर लागलं. त्याच हिंगोलीत, औंढा नागनाथजवळ, विश्वाच्या दुसऱ्या टोकाला कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या लहरी पकडणारी लायगो प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्रानं २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. तिथं ती का? कारण अशा यंत्राला आजूबाजूला कसलीही थरथर चालत नाही. जागा निवडणाऱ्यांना आमच्या शांततेचा भाव कळला, याचा मला खरंच आनंद आहे.

आमच्या तालुक्यालाही एमआयडीसी आहे. गेल्या मे महिन्यात मुद्दाम गेले होते. कमान, आत डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉटच्या पाट्या, आणि पाट्यांमागं कमरेएवढी वेडी बाभूळ. तीन शेड चालू दिसले: एक पाण्याचे जार भरणारा, एक सिमेंटच्या विटांचा, आणि एकात मंगल कार्यालयाच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. पाट्यांवरची नावं वाचत गेले तर निम्मी ओळखीची निघाली, निवडणुकीच्या फलकांवरून.

अनुशेष हा शब्द मी पहिल्यांदा अण्णांच्या तोंडून ऐकला, त्यांनी तो दैनिक ‘मराठवाडा’तून उचललेला. शिकस्तीनं भागाकार केला आणि बाकी उरली तर तिला आमच्या गावात शेष म्हणत. अनुशेष म्हणजे त्या बाकीच्या मागून आलेली बाकी, असा अर्थ मी मनाशी लावला होता. फार चुकीचा नव्हता. मी पटावर रेघा मारत होते त्याच्या तीनच वर्षं आधी, १९८४ मध्ये, अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीनं हा अनुशेष पहिल्यांदा रुपयांत मोजला होता. पद्धत साधी. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, दवाखाने अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्याखाली किती आहे ते बघायचं, आणि तेवढं भरून काढायला लागणारा खर्च मांडायचा. सगळ्या राज्याचा अनुशेष निघाला ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. दहा वर्षांनी वैधानिक विकास मंडळं आली, पुन्हा समिती बसली, पुन्हा मोजणी झाली. या वेळी राज्याचा आकडा १४ हजार कोटींवर आणि मराठवाड्याचा ४,००४ कोटी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, छपाईची चूक असेल. कर्ज फेडत असताना मुद्दल पाचपट कसं होतं? पण पर्चेसमध्ये बसून हे लगेच उमगतं. दर आजचा धरला आणि ऑर्डर दहा वर्षांनी दिली तर काय होईल? मधल्या काळात भाव वाढतात. शिवाय ज्या सरासरीशी तुलना करायची ती सरासरीही पुढं पळालेली असते, कारण पुढं असलेल्यांचं काम थांबलेलं नसतं. त्यानंतर २०११ मध्ये याच प्रादेशिक असमतोलावर केळकर समिती बसली, २०१३ मध्ये तिचा अहवाल आला, पुढच्या वर्षी तो विधिमंडळात मांडला गेला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तेव्हा सगळं जग करोनात होतं, त्यामुळं रडायलाही कुणी नव्हतं.

मोजणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी मोजलं नसतं तर भांडायला आकडाही मिळाला नसता. १९७४ ला मराठवाड्याच्या विकासासाठी पोरं रस्त्यावर आली, गोविंदभाई श्रॉफांसारख्यांनी आयुष्य घातलं, अनंतराव भालेरावांनी अग्रलेखांमागून अग्रलेख लिहिले, तेव्हा कुठं ही मोजणी सुचली. पण रुपया खर्ची पडला की अनुशेष भरला, हा जो सरकारी खाक्या पुढं रूढ झाला त्यात माणूस कुठंच बसत नाही. इमारत झाली. इमारतीत कोण?

माझ्या चुलतभावाचं सांगते. तो २००१ मध्ये तालुक्याच्या आयटीआयला टर्नर ट्रेडला लागला. कार्यशाळा नवी कोरी, पत्रे चकाकणारे. आत सहा लेथ, त्यातल्या चारांवर ताडपत्री. शिल्पनिदेशकाचं पद रिकामं. वेल्डरचे निदेशक आठवड्यातून दोनदा येऊन टर्नरच्या पोरांना फळ्यावर लेथ काढून दाखवायचे. दिवसा थ्री फेज नसायची, असली तर निदेशक नसायचे. दोन वर्षं त्यानं जर्नलमध्ये लेथची सुबक आकृती काढली, हेडस्टॉक, टेलस्टॉक, कॅरेज, सगळ्याला बाण करून नावं. आकृतीला दहापैकी नऊ. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी मालकानं लेथचा चक दाखवून म्हटलं, जॉब बांध, म्हणजे कातायचा तुकडा त्यात आवळ. त्याला चकची किल्ली कुठल्या हातात धरायची तेच ठाऊक नव्हतं. मालक शिव्या देणारा पण शिकवणारा निघाला, म्हणून निभावलं. आज तो स्वतःचे दोन सीएनसी चालवतो. पण त्याच्याबरोबरचे बाकीचे? दोघं-तिघं सिक्युरिटीत, एक कोयत्यावर.

त्याच सुमाराला आमच्याकडं डीएडचं पीक आलं. ज्याच्याकडं सभापतीपद त्याच्याकडं कॉलेज. अण्णांचा पगार आणि सायकल पाहून वाढलेली अख्खी पिढी शिक्षक व्हायला निघाली. कुणी दोन एकर विकले, कुणी बायकोचं डोरलं. २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली ती थांबलीच, पुढं भरतीसाठी सरकारचं पवित्र पोर्टल येईपर्यंत वर्षं गेली. एकीकडं शाळेत शिक्षक नाही, दुसरीकडं पारावर डीएड झालेली आठ पोरं. या दोन गोष्टी एकाच गावात, एकमेकींपासून शंभर पावलांवर.

पुणे-मुंबईवर सगळं ढकलून मोकळं व्हावं असं आमच्याकडं पुष्कळांना वाटतं. मलाही तिशीत वाटायचं. पण शंकरराव चव्हाण, शिवाजीराव निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री याच मातीनं दिले. शंकररावांच्या नावावर जायकवाडी तरी आहे. चौघांच्या मिळून वाट्याला आलेली वर्षं मोजली तर नुसतं पश्चिमेकडं बोट दाखवून प्रश्न सुटत नाही. आपल्याकडचा पुढारी मुंबईला जातो आणि तिथून लातूर किंवा नांदेड शहर पाहतो; तालुका त्याला सभेपुरता दिसतो. घोषणांचं तर विचारू नका. आयआयएम संभाजीनगरला मागत होतो, गेलं नागपूरला. त्याबदल्यात नियोजन आणि वास्तुशास्त्राची राष्ट्रीय संस्था देऊ म्हणाले, ती कागदावरच राहिली. क्रीडा विद्यापीठ आमच्याकडं जाहीर झालं आणि कायदा झाला पुण्याच्या बालेवाडीचा. दर वेळी आम्ही दोन दिवस निवेदनं दिली. निवेदन देतानाचा फोटो मात्र चुकला नाही.

मग लातूर? लातूरचा पॅटर्न, वर्गावर वर्ग, दरवर्षी इतके डॉक्टर. मला त्या शहराचा अभिमान आहे आणि तिथल्या मास्तरांच्या मेहनतीला तोड नाही. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि तिथं शिकून बाहेर पडलेली पोरं शेवटी जातात कुठं? दिवाळीनंतर आमच्या तालुक्याच्या स्टँडसमोर एका बाजूला पुण्याच्या ट्रॅव्हल्स लागतात, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्या. शिकलेले इकडं चढतात, न शिकलेले तिकडं. मी इकडून चढले.

२०२५ मध्ये, १७ सप्टेंबरलाच, बीडला रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला तेव्हा अण्णा त्रेचाळीस वर्षांचे होते. आष्टीपर्यंत गाडी यायला २०२२ उजाडलं, बीडला यायला आणखी तीन वर्षं. परळीचा तुकडा तेव्हाही व्हायचाच होता. बहात्तरच्या दुष्काळात ज्या पोरानं खडी फोडून डीएडची फी भरली, तो त्र्याहत्तराव्या वर्षी इस्त्रीचा सदरा घालून एसटीनं बीडला गेला, गाडी बघायला. मी फोन केला, ‘‘अण्णा, कशी आहे?’’

‘‘गर्दी फार. इंजिन दिसलं. डबे नीट दिसले नाहीत.’’

‘‘बसलात का?’’

‘‘बसून कुठं जाऊ? परत घरीच यायचं होतं.’’

जरा थांबून म्हणाले, ‘‘वेळेवर सुटली मात्र.’’ हे त्यांनी खऱ्या कौतुकानं सांगितलं. आयुष्यभर घंटेवर जगलेला माणूस.

दिवाळीला मी गावी गेले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शाळेकडं चक्कर मारायला निघालो. आता पट एकोणीसवर आलाय. हजेरी मोबाइलवर लागते, असं नवे गुरुजी सांगत होते. पेन्सिलीचं काम नाही. थांबणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर होतं, म्हणजे पोरं आजीआजोबांकडं राहणार आणि दोन वेळचं जेवण सरकारकडून. पण मंजुरीचं पत्र येईस्तोवर आईबाप थांबत नाहीत, पोराला एकटं मागं ठेवायला त्यांचा जीव होत नाही.

वेशीपाशी ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत सरपण, पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, उलटी घातलेली खाट, दोन शेळ्या. खाटेवर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, पाठीला शाळेचं दप्तर. अण्णा थांबले.

‘‘कितवीला?’’

‘‘चौथी.’’

‘‘पाढे कुठवर झालेत?’’

‘‘सोळा.’’

‘‘मग सतरापासून तिथं कर.’’

पोरगं मान हलवेना. बहुधा त्याला सतरा सुरू कुठून होतो ते ठाऊक नसावं. ड्रायव्हरनं विडी टाकली, इंजिन चालू केलं. अण्णा ट्रॉलीच्या फळीला हात लावून चालू लागले, ‘‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक...’’ पोरानं कान पुढं केला. चढाला ट्रॅक्टरनं वेग घेतला आणि अण्णांचा हात सुटला, पण ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून मोठ्यानं म्हणतच होते.